रविवारचा मिस्ड कॉल

आई गेल्यावर आमच्या घरात आवाज उरले ते वस्तूंचे. कुकरची शिट्टी, टाकीत पडणारं पाणी, दारात काढून टाकलेल्या पप्पांच्या सेफ्टी शूजचा धप्प आवाज. माणसांचे आवाज आई बरोबर घेऊन गेली, कारण मुळात ते तिचेच होते. माझं आणि पप्पांचं भांडण नव्हतं. आम्हाला एकमेकांशी बोलता यायचं नाही, एवढंच. पप्पा चाकणला एका कंपनीत प्रेसशॉपला होते. पत्र्याला ठोकून आकार देणाऱ्या त्या प्रचंड मशिनांपाशी वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान मंद झाले होते, आणि मी जात्याच हळू बोलणारी. शिवाय त्यांनी मोठ्या हौसेनं मला इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातलं आणि मग त्याच शाळेचा त्यांना संकोच वाटायला लागला. माझ्या वह्या-पुस्तकांना ते आधी लुंगीला हात पुसून मग हात लावायचे. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचे, "तिला विचार, जेवली का." आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची, "ती काय लंडनला बसलीय का? तुमीच विचारा की." ते विचारायचे नाहीत. मग आई मला विचारायची, मी आईला सांगायचे, आणि आई पप्पांना सांगायची, "जेवली म्हणे." आम्ही तिघंही त्याच एका खोलीत असायचो.

रावेतला तेव्हा आजच्यासारखे टॉवर नव्हते. गावठाणाच्या कडेला भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती, त्यातल्या शेवटच्या दोन आमच्या. गच्चीवरून एक्स्प्रेस वेवरच्या गाड्या दिसायच्या, पण त्यांचा आवाज पोचायचा नाही. आई-पप्पा उदगीरकडचे. आईनं तिकडची चव सोडली नव्हती. शेंगदाण्याची चटणी ती उखळातच कुटायची आणि रविवारी पहाटे उठून धपाटे करायची. ती चाकणच्याच बाजूला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. रविवारीही जायची. "संडे ड्यूटी हाय गं माय," म्हणत धपाट्यांचा मोठा डबा फडक्यात बांधायची. एवढे कुणासाठी, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिथल्या बायकांना आवडतेत."

पावसाळ्याच्या अखेरीला तिला ताप आला. अंगावर काढला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि मग एका दुपारी एक नर्स बाहेर येऊन आमच्या दोघांपैकी कुणाशी बोलावं याचा अंदाज घेत उभी राहिली. मला तिचा चेहरा आठवत नाही. ती आधी पप्पांकडे बघत होती आणि मग माझ्याकडे, ते तेवढं आठवतं. दहाव्याला कॅन्टीनमधल्या दोघी बायका आल्या. त्यांना चहा देताना मी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, रविवारच्या धपाट्यांची आठवण काढली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "रविवारी?" त्यातली एक म्हणाली. "रविवारी कॅन्टीन कधीच चालू नसतं गं बाळा."

मी हे पप्पांना सांगितलं नाही. सांगायला मधली आई नव्हती.

आईचा मोबाइल पप्पांनी बंद केला नाही. साधा, बटणांचा, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेला. ते तो रोज चार्ज करायचे, पिठाच्या डब्यावर ठेवायचे, कारण आई तिथंच ठेवायची. त्या डब्यावर तो वाजला की नुसता फोन वाजायचा नाही. अख्खा डबा आतल्या पिठासकट गुणगुणायचा. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी डबा गुणगुणला. एकदाच. मी पोचेपर्यंत बंद. अनोळखी नंबर. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच सुमाराला, एकदाच. त्या पुढच्याही. आजच्या मुलींना मिस्ड कॉल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. त्या काळी ती एक भाषाच होती. खाली ये, पोचलो, निघालो, आठवण आली, सगळं एका वाजण्यात बसायचं. फक्त ज्याला कळायचं त्यालाच कळायचं. आणि ज्याला कळायचं ते माणूस आता नव्हतं.

हिवाळा गेला, उन्हाळा लागला, तरी रविवार चुकला नाही. मला त्या आवाजाचा धसका बसला होता. शनिवारी संध्याकाळपासूनच मी त्या डब्याकडे पाठ करून वावरायचे. मेलेल्या माणसाला कुणीतरी नेमानं बोलावतंय, आणि ते आपल्याला ऐकावं लागतंय, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. एका रविवारी पप्पांना सुट्टी होती. ते दाढी अर्धी सोडून स्वयंपाकघरात आले आणि पिठाच्या डब्यावर पंजा ठेवून उभे राहिले. त्यांना फोन ऐकू यायचा नाही, पण हाताला कळायचा. डबा गुणगुणला, थांबला. ते आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग हाताचं पीठ झटकून आरशाकडे गेले. मी दारातून पाहत होते.

शेवटी एकदा पप्पा ओव्हरटाइमला गेलेले असताना मी तयारीत बसले आणि पहिल्याच थरथरीला फोन उचलला. पलीकडे आधी माणूस नव्हतंच. नुसती एक घरघर, म्हणजे खूप माणसं एकाच वेळी, एकमेकांचं न ऐकता, वेगवेगळं काहीतरी बोलत असावीत तसा आवाज. मधूनमधून ठण्ण असा खोल ठोका. मग अगदी कानाशी एका म्हातारीचा श्वास. "कमल?" ती म्हणाली. मी फोन कानाला घट्ट दाबला. "कमल, तू हायस न्हवं? बोलू नगं. बोलू नगं, आमी हाय हितं." पुन्हा श्वास. "आन् आगं, म्होरलं शटर लावलंय आता. मागनं ये, वजनकाट्याच्या अंगानं. महाळुंग्याचा त्यो काटा. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?" आणि फोन बंद झाला.

त्या आठवड्यात मी एक वाक्य तयार केलं. कॉलेजात साधं 'येस मॅम' म्हणतानाही मी मनात आधी म्हणून बघायचे. हे वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, कारण माझी कठीण वाक्यं इंग्रजीतच जुळायची, मग त्याचं मराठी केलं. माझी आई गेल्या वर्षी वारली, कृपया या नंबरवर फोन करू नका. एवढंच जाऊन सांगायचं, पायरीवरूनच, आणि परत फिरायचं. फोन करून का सांगितलं नाही, असं आज कुणी विचारेल. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नसेल तर मला बोलणं आणखी कठीण जायचं. आजही जातं, जरी मी आता कंपनीत नव्या मुलांना ट्रेनिंग देऊन, म्हणजे अक्षरशः बोलून, पोट भरते.

रविवारची एमआयडीसी ज्यानं पाहिली नाही त्याला ती रिकामी जागा काय असते ते कळणार नाही. निगडीहून चाकणच्या बसमधून मी महाळुंग्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. रस्ते एवढे रुंद की ओलांडताना मध्येच थांबावंसं वाटे. दोन्ही बाजूंना उंच भिंती, बंद गेटं. केबिनमधला एक वॉचमन माझ्याकडे बघत राहिला, नुसता, डोळे न हलवता. ट्रक ओळीनं झोपलेले, काचांना आतून पडदे. कुठं माणूस नाही आणि तरी सगळीकडून एक हलका घूं असा आवाज, बंद कारखान्यातसुद्धा काहीतरी चालू असतंच त्याचा. ट्रक तोलायचा वजनकाटा सापडला. काट्यावरून चालताना पायाखालची लोखंडी पाटी किंचित खाली गेली आणि बाजूच्या खोक्यात माझं वजन लाल आकड्यात उमटलं असणार, असं उगीच मनात आलं.

मागच्या बाजूला एक दुमजली गाळा होता. खाली फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, बंद. बाहेरून लोखंडी जिना वर गेलेला, पायथ्याशी चपलांचा ढीग आणि पाण्याचा एक रांजण. शेजारच्या शेडमध्ये मात्र रविवारीही प्रेस चालू होती. तिचा ठोका बसला की जिन्याचा कठडा हाताला झिणझिणायचा. फोनमध्ये ऐकलेला तो हाच ठोका. पप्पा आयुष्यभर ऐकत आलेलाही हाच. वरून पेटी आणि झांजांचा आवाज येत होता. मला वाटलं होतं इथं एखादी भिशी असेल, बचत गट असेल, फार तर कुणा बाबाचा सत्संग. चाल भजनाचीच होती, पण शब्दांत ख्रिस्त होता.

मी वाक्य तोंडात धरून वर गेले. दारातच एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. पांढरी नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. उठली, कोपऱ्यातल्या थर्मासमधून चहा ओतला आणि पेला माझ्या हातात दिला. "कोरा हाय," ती हळूच म्हणाली, "आलं न्हाई घातलं." मी दुधाचा चहा पीत नाही आणि मला आल्याचा वास सहन होत नाही. ही गोष्ट जगात एका माणसाला माहीत होती. आवाज तोच, फोनमधला.

"बस," ती म्हणाली. मी बसले. पायरीवरून परत फिरायचं राहून गेलं.

पत्र्याचं छत, त्याखाली संथ फिरणारे पंखे, यंत्रं गार ठेवणाऱ्या कूलंट ऑइलचा खालून येणारा आंबूस वास. सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, सगळे मिळून एखाद्या बारशाला जमतील एवढे. पुढं लाकडी टेबलावर पांढरं कापड आणि एक साधा क्रूस. माझ्या शाळेत प्रार्थना व्हायची ती इंग्रजीत, ओळीत उभं राहून, इस्त्रीचे कपडे घालून. तिला माणसाचा वास नव्हता. इथं पुरुषांच्या शर्टांवर कंपनीच्या आय-कार्डाच्या दोरीच्या खुणा होत्या आणि बाया पदरानं वारा घेत होत्या. मी भिंत धरून सरकत मोकळी जागा शोधत होते. बायांच्या मध्यावर एक बस्कर रिकामं होतं, त्याच्या चहूकडून सगळ्या अंग चोरून बसल्या होत्या. मी तिकडे वळले तशी शेजारची बाई म्हणाली, "तिथं नको बेटा, ती जागा हाय एकीची. इकडं ये." आणि मग मी बस्कराकडे नीट पाहिलं. चिंध्या शिवून केलेलं होतं ते. त्यात एक पट्टा होता निळ्या-पांढऱ्या चौकड्याचा. माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचा. त्यावर शाईचा एक डाग होता, आणि तो डाग कसा पडला हे मला ठाऊक होतं.

पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, एक किडकिडीत गृहस्थ होते, आठवडाभर कुठल्याशा कंपनीत स्टोअर बघणारे. त्यांनी बायबलमधलं वचन वाचलं, थोडं बोलले, आणि मग म्हणाले, "कुणाला विनंती उचलायची आहे?" एक बुवा गुडघ्यावर हात रोवून उठले. "नातवाला कंपनीत परमनंट केलं. माझी विनंती उचलतो." सगळे एका आवाजात म्हणाले, "उचलली." एक तरुण बाई उठली, कडेवरचं मूल सावरत. "ह्याचं ऑपरेशन नीट झालं. उचलते." "उचलली." मग एक जण उठला, त्याचा चेहराच बघवेना. "भाऊ न्हाई वाचला," तो म्हणाला. "उचलतो." आणि तशाच, ना उंच ना खाली अशा आवाजात सगळे म्हणाले, "उचलली." तेव्हा मला त्यांची रीत कळली. मांडलेली विनंती ज्यानं मांडली त्यानं, नाहीतर त्याच्या घरच्यानं, उभं राहून उचलायची. तोवर ती उभीच. कुणी उचलायला आलंच नाही, तर हे लोक मागायचे थांबत नाहीत.

"आता उभ्या विनंत्या," पाळक म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

मी मिटले नाहीत. मी कुठंच डोळे मिटत नसे. एकदम, कुणीही सुरुवात न करता, सगळे मोठ्यानं बोलायला लागले. जो तो आपलं, आपल्या शब्दांत. छताखाली मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज भरला, फोनमधली ती घरघर, पण आता मी तिच्या आत बसले होते. मध्ये प्रेसचा ठोका. आधी शब्द कळेनात. मग पाण्यातून दगड दिसावेत तसे ते वर यायला लागले. कमलताईला उठव. माझ्या पुढची बाई म्हणत होती. कमलताईचा ताप उतरव, तिकडून एक पुरुष. कमलला पाय दे, जिना चढू दे तिला. माझी आई, जिच्या राखेच्या गाडग्याचा जडपणा माझ्या हातांना अजून आठवत होता, ती या पत्र्याखाली आजारी होती. अंथरुणाला होती. बरी होणार होती. आणि मग पलीकडून, आणखी एका तोंडून, माझं नाव. ऋतुजाचं तोंड उघड, प्रभू. रुतूला बोलतं कर. रुतू हे मला फक्त आई म्हणायची. मी कधी न पाहिलेली माणसं डोळे मिटून, घामानं निथळत, माझं घरातलं नाव घेत होती. एक, दोन, मग कितीतरी. मी मान वळवली तर दारातली म्हातारी डोळे उघडे ठेवून थेट माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

पळून जावं असं वाटलं. जिना मागेच होता. पण त्याच क्षणी दुसरंही काहीतरी झालं, आणि ते मी इतक्या वर्षांत कुणालाही नीट सांगू शकलेले नाही. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. मी काही बोलले नाही, तर आई इथं कधीच मरणार नाही. घरी ती फोटोत होती, हारात होती. इथं तिचं बस्कर अंथरलेलं होतं. माझं तोंडातलं वाक्य आता तिला मारणारं वाक्य होतं, आणि ते बोलायला मीच इथवर चालत आले होते.

आवाज ओसरला. पाळकांनी डोळे उघडले आणि नेमक्या त्याच वेळी शेजारची प्रेस थांबली. चहाची सुट्टी झाली असणार, दुसरं काय; पण तो ठोका थांबल्यावर जी शांतता पडली तीत पंख्याच्या पात्याची करकर ऐकू यायला लागली. मी उभी होते. कधी उठले ते माहीत नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. तयार केलेलं वाक्य जागेवर नव्हतं, इंग्रजीतलंही नाही.

"मी कमलची मुलगी," मी म्हणाले. "आई गेली. मागच्या पावसाळ्यात."

कुणी रडलं नाही, कुणी हाय हाय केलं नाही. पाळक म्हातारीकडे पाहत राहिले. मग तिनंच, बसल्या जागेवरून, कुणाला झोपेतून उठवू नये अशा आवाजात म्हटलं, "उचलली." आणि सगळे म्हणाले, "उचलली." मला चार माणसांचे खांदे आठवले. ती खरंच उचलली गेली तेव्हा मी दारातच थांबले होते. आता पहिल्यांदा मला ती घरातून बाहेर गेल्यासारखी वाटली.

उपासना संपल्यावर बायांनी मला उपमा वाढला. कुणी डोक्यावर हात ठेवला नाही, कुणी बाप्तिस्मा घ्यायला लावलं नाही, ज्याची मी धास्ती घेतली होती त्यातलं काहीच झालं नाही. "घरी ठाऊक आहे का तू इथं आलीयस ते?" एवढंच पाळकांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. म्हातारीला सगळे मार्थाबाई म्हणत. ती माझ्याजवळ येऊन पाय पसरून बसली.

"रविवारचं काम निघालंय असं कुणी सांगितलं म्हून आलती तुजी आय," ती म्हणाली. "कॅन्टीनला कुलूप. उनाची खाली पायरीव बसली. पानी मागितलं. मंग वर आली. देवाबिवाचं तिनं कदी कायबी इचारलं न्हाई. कुकू लावून यायची, समद्यांना धपाटे वाटायची, तसंच बसायची. म्या म्हनलं, बाय, तुला हितं काय गावतं? तर म्हन्ली, मावशी, हितं समदे एकदम बोलतेत. आमच्या घरात कुनीच बोलत न्हाई."

मी ताट खाली ठेवलं.

"फोनवर बोलू नका, निस्ता मिस्ड कॉल द्या, हे बी तिचंच. मालक घरी असतेत म्हन्ली. ज्याची विनंती उभी हाय, त्याला रविवारी एक कॉल, आशी रीतच हाय हितली. त्यो म्याच देते."

"आता देऊ नका," मी म्हणाले. "उचलली ना."

मार्थाबाईनं माझ्याकडे बघितलं. "ती तब्येतीची विनंती आमी मांडली व्हती गं, ती तापानं यायची बंद झाली म्हून. तुज्या आयनं मांडलेली येगळी हाय. एकच मांडली तिनं, तीच उभी हाय." तिनं माझ्या ताटातला उपमा बोटानं सारखा केला, लहान मुलाचा करावा तसा. "माजी लेक तिच्या पप्पासंगं बोलू दे. आशी."

खाली जिन्यावर कुणीतरी चप्पल शोधत होतं. प्रेस पुन्हा सुरू झाली, आणि ठोक्याबरोबर ताट किंचित सरकलं.

"आज बोललीस तू, चारचौघांत," ती म्हणाली. "घरची हायेस, दारातच वळखलं व्हतं तुला, तोंडावळा आयचाच. उचलायची असंल तर पुढल्या रविवारी उचल. उचलली की कॉल बंद."

मी हे ऐकायलाच आले होते. पण मला पिठाच्या डब्यावरचा तो पंजा दिसत होता, अर्ध्या दाढीचा साबण वाळत चाललेला. "राहू द्या," मी म्हणाले.

"आन् ते?" तिनं बस्कराकडे बोट केलं. "न्यायचं का?"

"तेही राहू द्या."

तो आठवडा नेहमीसारखाच गेला. पप्पांची पहिली पाळी, माझं कॉलेज, वरण-भात. मी रोज ताट वाढताना एक वाक्य तोंडात आणायचे आणि घासाबरोबर गिळायचे. रविवारी पप्पांना सुट्टी होती. ते सकाळपासून काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात घोटाळत होते. मी निमित्त म्हणून कणीक तिंबायला घेतली, ज्याची अजिबात गरज नव्हती. वेळ झाली. दोघंही त्या डब्याकडे बघत नव्हतो. एक क्षण वाटलं, मार्थाबाईनं माझं 'राहू द्या' मनावर घेतलं नसेल, आणि मग या घरात आता काहीच वाजणार नाही.

डबा गुणगुणला. पप्पांचा पंजा आधीच त्यावर होता.

"वाजला," ते म्हणाले. मला नाही, डब्याला म्हणाले. मग तसंच भिंतीकडे बघत, "दर रविवारी वाजतो. कोन असतं की. उचलायला जीव होत न्हाई."

मध्ये आई नव्हती. मी परातीतून हात बाहेर काढले, पिठाचेच होते.

"पप्पा," मी म्हणाले, आणि त्यांना ऐकू गेलं नाही. मी जवळ गेले, त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा घरात ओरडून बोलले. "पप्पा! मला माहितीये कोण असतं."

ते वळले. घाबरल्यासारखे दिसले. मग त्यांनी स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः खाली, ओट्याला टेकून, फरशीवर बसले. मी सांगत गेले, ओरडत ओरडत. शेजारच्या खोल्यांत सगळं ऐकू गेलं असेल. कुलूप लावलेलं कॅन्टीन, पायरी, पाणी, धपाटे. बस्कर सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. सगळे एकदम बोलतात म्हणून तिला तिथं बरं वाटायचं, हे मला सांगावंसं वाटत नव्हतं, पण सांगितलं. माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "जेवलीस का तू?" मला विचारलं त्यांनी.

पुढं मी नोकरीला लागले, आम्ही पिंपळे सौदागरला लिफ्टच्या इमारतीत राहायला आलो, पप्पा शेवटपर्यंत माझ्याशी ओरडूनच बोलले आणि मी त्यांच्याशी. त्या जिन्यावर मी पुन्हा गेले नाही. विनंती अजून उभीच आहे. पप्पा गेल्यावर ती उचलायला हवी होती, कारण आता बोलायचं कुणाशी; पण नाही उचलली. आईचं सिम मी फोनमागून फोन बदलत चालू ठेवलंय. मार्थाबाई गेल्याचं मला कुणीतरी कळवलं त्यालाही बराच काळ लोटला, आणि तो वजनकाट्यामागचा गाळा पाडून तिथं मोठं गोदाम झालंय, हे मी येताजाता माझ्या डोळ्यांनी पाहते. तरीही रविवारी सकाळी ओट्यावरचा तो पिठाचा डबा एकदा गुणगुणतो. कोण देतं, कुठून देतं, मी विचारलेलं नाही. मी फक्त जाऊन हात ठेवते. वाजू दे.